मास्तराच्या उजव्या हाताचं बोट

तोंडावर मी त्याला 'अहो मास्तर' म्हणायचो आणि मनात अरेतुरे करायचो. इथं मनातलंच लिहितो.

मास्तर नांदेडच्या आमच्या लग्नाच्या बँडचा पहिला क्लॅरिनेटवाला होता आणि मी दुसरा. पहिला गाणं वाजवतो. दुसरा त्याच्या खालचा सूर धरून चालतो. लोकांना ऐकू येतो तो पहिलाच. दुसरा नसला तर गाणं उघडं पडतं, पण कशानं उघडं पडलं ते कुणाला कळत नाही. मास्तर मला नावानं हाक मारायचा नाही. 'ए सेकंड' म्हणायचा. ढोलवाल्याला नाव होतं, ट्रंपेटवाल्याला होतं, सामानाचा हातगाडा ढकलणाऱ्यालाही होतं. मीच तेवढा सेकंड.

मास्तर दिसायला किडकिडीत. बँडचा लाल कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा. टोपी कधी घातली नाही. म्हणायचा, टोपीत सूर अडकतो. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बोरूची एक पातळ पत्ती बसवतात, ती थरथरली की आवाज येतो. ती ओली असावी लागते. आम्ही वाजवायच्या आधी ओली करायचो. मास्तर सकाळी उठल्यापासून ती गालात धरून हिंडायचा, लोक तंबाखू धरतात तशी, आणि बोलायचाही तशीच धरून. त्यामुळं त्याचं निम्मं बोलणं समजायचं नाही, आणि लोकांना वाटायचं त्यात फार काही दडलेलं आहे.

जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही माझ्याच वस्तीत वाजवायचो. घरी आलो की बायकोला विचारायचो, कसं झालं?

"मास्तर वाजवायला लागले की अंगावर काटा येतो बघा," ती म्हणायची. मग माझ्या तोंडाकडं बघून, "तुमचं बी चांगलंच हुतं की."

त्या 'बी'नं माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

लग्नघरी पोचलो की आम्ही सावली बघून बसायचो. मास्तर सरळ चुलीकडं जायचा, नवरीच्या आईला हुडकायचा आणि विचारायचा, "माय, लेकीला लहानपणी काय म्हणून निजवत हुतीस? जरा म्हण." बाई आधी लाजायची, मग पदर तोंडाला लावून दोन ओळी म्हणायची. नवरीला वाटं लावताना तो तेच वाजवायचा. आई रडायचीच, आचारी रडायचा, जीपचा ड्रायव्हर रडायचा, एकदा तर मुलाकडचा हुंड्यावरून रुसलेला मामा रडला. एका लग्नाला मास्तर उशिरा येणार होता, तेव्हा मी जाऊन तसंच विचारलं. ती बाई म्हणाली, "तुला काय करायचंय रे? मांडवात जाऊन बस."

मी सांगतोय ते दुष्काळाचं वर्ष होतं. आदलंही तसंच गेलं होतं. लातूरकडं तर लोक पाण्यापायी लग्नं पुढं ढकलत होते. वऱ्हाडाला पाजायचं काय? काम नसलं की मास्तर सायकल काढून लोह्याच्या रस्त्यानं शेतांमध्ये जायचा आणि आटलेल्या विहिरीच्या काठावर बसून आत तोंड करून वाजवायचा. विहीर तोच सूर जरा उशिरा परत द्यायची. मग तो त्यावर दुसरा टाकायचा. "पाणी हुतं तवा मुकी हुती," तो मला म्हणाला, "आता बोलून राहिली." शेताचा मालक हाकलायला यायचा आणि ऐकत उभा राहायचा. मी एकदा त्याच्या मागं गेलो होतो, बांधावरून ऐकलं. वाटलं, खालचा सूर धरायला याला विहीर पुरते. मी कशाला पाहिजे?

मास्तराला एच.आय.व्ही. होता. माणसं ही गोष्ट मरेपर्यंत दडवतात. त्यानं ती चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगून टाकली होती, शुगर निघाली म्हणून सांगतात तशी. "बायको त्यानंच गेली. मला बी हाय. गोळ्या चालू हायत. काय विचारायचं असल ते तोंडावर विचारा, मागं बोलू नका." कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून टपरीवाल्यानं त्याचा ग्लास वेगळा ठेवला. मास्तर तो ग्लास वर धरून म्हणाला, "बघा, एवढ्या गर्दीत माझा खास ग्लास!" टपरीवाला ओशाळला आणि संध्याकाळी त्यानं तो ग्लास बाकीच्यांत मिसळून टाकला.

एका गावात ही बातमी आमच्या आधी पोचली. मुलाचा बाप म्हणाला, तो माणूस मांडवात नको. आमचा मालक भांडायला उठला. मास्तर म्हणाला, "झगडा कशाला? मी वेशीत वाजवतो, तुमी आत नाचा." आणि वेशीतल्या पारावर बसून त्यानं असं वाजवलं की हळूहळू सगळं वऱ्हाड तिकडं सरकलं. आम्ही मांडवात रिकाम्या खुर्च्यांपुढं वाजवत राहिलो. त्याला हाकललं होतं आणि लाज मला वाटत होती.

संध्याकाळची गोळीची वेळ झाली की तो भर रस्त्यात वरात थांबवायचा. नवरदेव घोड्यावर ताटकळायचा. मास्तर खिशातून पितळेची डबी काढायचा, चिमटीतलं तोंडात टाकायचा, वर घोटभर पाणी, आणि हात उंच करून म्हणायचा, "चला, बॅटरी भरली!" लोक टाळ्या वाजवायचे. रोगासाठीसुद्धा त्याला टाळ्या मिळायच्या.

त्याच्या बोटांकडं मी किती वर्षं बघत होतो. शिकण्यासाठी नाही, चूक सापडावी म्हणून. त्या उन्हाळ्यात ती सापडली. उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट एका सुरावर उशिरा बसलं. छिद्र पूर्ण झाकलं नाही की क्लॅरिनेट चिरकते. ती चिरकली. ढोलाच्या आवाजात कुणाला कळलं नाही. मी घरी जाताना जिलबी घेतली.

पुढच्या लग्नात पुन्हा तेच झालं. त्याच बोटानं, त्याच सुरावर. मग टपरीवर त्याच्या उजव्या हातातून चहा सांडला, आणि तो त्या हाताकडं असा बघत राहिला की जणू दुसऱ्या कुणाचा आहे. डोकं दुखतंय म्हणून रुमाल आवळून बांधायला लागला. एका वरातीत त्याच्या उजव्या पायातली चप्पल मागं राहिली आणि तो तापलेल्या डांबरावरून तसाच पुढं गेला. ध्यानातच आलं नाही त्याच्या. चप्पल मी उचलून आणली. "मास्तर, चप्पल." तो म्हणाला, "कुणाची?"

त्या दिवशी मी जिलबी घेतली नाही.

मी मालकाकडं गेलो. म्हटलं, मास्तराच्या उजव्या अंगात कायतरी झालंय, दवाखान्यात दाखवा. मालक कोटांना गुंड्या लावत बसला होता. "उन्हाळ्यात डोकं कुणाचं दुखत न्हाई?" तो म्हणाला. "तुला पुढं उभं राहायचंय, तर सरळ सांग की. त्याच्या हातापायाला कशाला नावं ठेवतोस?" ट्रंपेटवाला हसला. माझं जळणं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं मी खरं बोललो तरी ते जळणंच ठरत होतं.

मग मास्तरालाच गाठलं. "मास्तर, तुमचं बोट मागं पडून राहिलंय. दाखवून घ्या."

त्यानं गालातली पत्ती या गालातून त्या गालात नेली. "सेकंड, इतकी वर्षं चूक हुडकलीस. घावली एकदाची. आता खूश हो की."

"खूश न्हाई मी."

"मग काय हायस?"



लग्नं नव्हती, म्हणून मालकानं मोर्चाची सुपारी घेतली. सीमेकडच्या एका तालुक्याच्या गावाला नवा जिल्हा पाहिजे होता. जिल्हा होणार, होणार म्हणून तिथं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि त्या उन्हाळ्यात पुढाऱ्यांना वाटलं की आता बँड लावूनच मागावा. आम्ही पुढं, मागं फलक धरलेली माणसं, 'जिल्हा झालाच पाहिजे' अशी घोषणा. बाजारात वळलो तर समोरून बायकांचा मोर्चा आला, डोक्यावर रिकामे हंडे घेऊन. त्यांना जिल्हा नको होता, टँकर पाहिजे होता. दोन्ही मोर्चे एकमेकांत घुसले. कुणीतरी ओरडलं, "वाजवा रे!" आणि मास्तरानं सूर उचलला.

तो सूर अर्ध्यात तुटला. मी बाजूलाच होतो. मास्तराचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात आपोआप उडायला लागला, आणि तो रस्त्यावर पडून तडफडायला लागला. क्लॅरिनेट गडगडत गटारीच्या कडेला गेली. कुणी कांदा नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवायला आणली. "ऊन लागलं, पाणी मारा," एक जण ओरडला. एवढे हंडे होते तिथं, आणि एकातही पाणी नव्हतं. शेवटी बंदोबस्ताच्या पोलिसानं आपली बाटली दिली.

झटके थांबले तेव्हा मास्तराचे डोळे उघडे होते, पण त्यात ओळख नव्हती.

"सावलीत झोपवा, होईल बरं," मालक म्हणाला.

"ऊन न्हाई हे," मी ओरडलो. "मी महिनाभर सांगून राहिलो तुमाला! जीप बघा, नांदेडला न्यायचंय."

मालकानं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता जीप बघायला पळाला.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, त्रास कधीपासून? मालक म्हणाला, आजच, उन्हात. मी म्हटलं, न्हाई मॅडम. आणि सगळं सांगितलं. बोट कुठल्या लग्नात पहिल्यांदा चुकलं, चहा कोणत्या हातातून सांडला, चप्पल कोणत्या पायातली सुटली, रुमाल कधीपासून बांधायला लागला, गाण्याचं कोणतं कडवं विसरायला लागला. एच.आय.व्ही.चंही सांगितलं. ती भराभर लिहून घेत होती.

"तुम्ही भाऊ का यांचे?"

"न्हाई. सोबत वाजवतो."

"घरचे लोकसुद्धा इतकं बारीक बघत नाहीत," ती म्हणाली.

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईनं तो उजेडाला धरून मला दाखवला. मेंदूच्या डाव्या अंगाला अंगठीसारखं एक वर्तुळ होतं, भोवती सूज. "टॉक्सोप्लाझ्मा म्हणून एक जंतू असतो," ती म्हणाली. "पुष्कळ माणसांच्या अंगात असतो, पण झोपलेला. मांजराच्या घाणीतून पोटात जातो, अर्ध्याकच्च्या मटणातून जातो. अंगात ताकद असली की उठत नाही. एच.आय.व्ही.नं ताकद संपली की मेंदूत जागा होतो. डावीकडं सूज आहे, म्हणून उजवा हात गेला. रक्त आणि हा फोटो बघून मला तरी तेच वाटतंय. औषध लगेच सुरू करू. पंधरवड्यात फरक दिसला तर आपला अंदाज बरोबर."

"अन् न्हाई दिसला तर?"

"मग दुसरं काही शोधावं लागेल. पण हा बरा होणारा आजार आहे. वेळेत आणलंत तुम्ही." मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "पण गोळ्या नियमित घेत असते तर हे व्हायला नको होतं."

"घेतो की! रोज. सगळ्या गावादेखत घेतो."

मालकानं हे मांजराचं ऐकलं आणि बँडच्या दुकानात जाऊन मास्तरानं तिथं पाळलेली मांजर पोत्यात घालून सोडायला निघाला. ती मांजर मास्तराच्या कोटावरच झोपायची, माझ्या जवळ कधी आली नाही. डॉक्टरीणबाईला मी विचारलं, तर ती म्हणाली की जंतू अंगात कधीचा शिरलाय कोण जाणे, आता मांजराला हाकलून काय होणार? तिची घाण दुसऱ्यानं काढावी, हात धुवावेत, एवढंच. मग ती काढायची पाळी माझ्यावर आली.

मास्तराचं कुणी नव्हतं. खाटेपाशी मी बसायचो. बायको भाकरी घेऊन यायची. त्याचे शब्द हरवले होते. पाणी मागायचं तर 'खुर्ची' म्हणायचा, आणि चुकलं हे कळून रडायचा. उजवा हात चादरीवर पडलेला असायचा. मी तो उचलून बोटं एकेक करून मिटायचो, उघडायचो. तसं करायला सांगितलं होतं. ज्या बोटांवर मी इतकी वर्षं जळलो, ती हातात धरून बसलो होतो, आणि आता त्यांच्यावर जळण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

एका दुपारी तो गुणगुणायला लागला. शब्द येत नव्हते, पण सूर येत होता. मी कान दिला. वाटं लावायचं गाणं होतं, पण काहीतरी निराळंच वाटत होतं. नेहमीची चाल नव्हती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, तो माझा भाग म्हणत होता. खालचा सूर, सेकंडचा. जो कुणाला ऐकू येत नाही असं मी धरून चाललो होतो, तो मास्तराला कडव्यापासून कडव्यापर्यंत पाठ होता. कुठं मी श्वास घेतो तिथंच तोही श्वास घेत होता.

माझे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी राग आला. कारण माझाच सूर तो माझ्यापेक्षा चांगला म्हणत होता.

औषधानं काम केलं. आधी ताप गेला, मग डोकं थांबलं, मग शब्द यायला लागले. पहिल्यांदा त्यानं मला बरोबर हाक मारली ती, "ए सेकंड." एच.आय.व्ही.च्या गोळ्या पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाईनं त्याला सरळच विचारलं, "मास्तर, गोळ्या कधी सोडल्या होत्या?"

तो छताकडं बघत म्हणाला, "त्या गोळीनं सपनं लई पडायची. सकाळी उठलं की डोकं डुलायचं, सूर हालायचा. लग्नसराई हुती. म्हटलं, सराई झाली की घेऊ."

"अन् वरातीत डबी काढून खात हुता ते?" मी विचारलं.

"फुटाणे."

सगळं बघत होतो मी, आणि नेमकं हेच बघितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. म्हणाली, "त्रास होत होता तर सांगायचं. गोळी बदलून देता येते. तुम्ही सूर वाचवायला गेलात आणि हातच घालवून बसला असता." मास्तरानं मान खाली घातली. त्याला मान खाली घालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याच्या आजारपणात मी पुढं उभा राहिलो. सगळी गाणी येत होती मला. एकही चुकलं नाही. लोक नाचले. एका लग्नात नवरीला वाटं लावताना मी मन लावून वाजवलं. नवरीची आई डोळे पुसत आली, मला वाटलं, अखेर रडवलं. ती म्हणाली, "ते गाणं इचारणारे मास्तर न्हाई आले का? माझ्या थोरलीच्या लग्नात आले हुते." जागा माझी होती, कोट माझ्या अंगावर होता, आणि तरीही मी त्याच्याच मागं उभा होतो.

पाऊस पडून गेल्यावर मास्तर परत आला. वजन उतरलेलं, डबीत आता खरी गोळी. मालकानं मला विचारलं, पुढं कोण? मी मागं सरकलो. मनाचा मोठेपणा नव्हता तो. तो समोर असताना पुढं उभं राहून वाजवायचं, हे मला झेपलं नसतं.

बोट मात्र अजून पुरतं आलं नव्हतं. त्या एका सुराजवळ आलं की मास्तर डोळे मिटायचा. भीतीनं. लोकांना वाटायचं, रंगून गेलाय. ती भीती मला एकट्याला दिसायची. म्हणून तो सूर आला की मी माझा खालचा भाग सोडून त्याचाच सूर खालून भरायला लागलो. त्याचा अर्धा, माझा अर्धा. चिरकलं तरी माझ्या सुराखाली झाकलं जायचं. लोक म्हणायला लागले, आजारपणानंतर मास्तराच्या वाजवण्यात काय भरीवपणा आलाय! मालक म्हणाला, "दुखण्यानं वाढला की रे हा." बायको म्हणाली, "तो एक सूर तर काळीज चिरत जातो." मी भाकरी मोडत ऐकून घेतलं. त्यातला निम्मा मी होतो. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, जळतोय. आणि मजा म्हणजे त्या दिवसांत मी जळत नव्हतो. बायको मास्तराचं कौतुक करायची आणि मी दुसरी भाकरी मागून घ्यायचो.

असे काही महिने गेले. मग नायगावकडच्या एका लग्नात, वरात देवळापाशी वळताना, तो सूर जवळ आला आणि मी भरायला सुरुवात केली. मास्तरानं क्लॅरिनेट तोंडातून काढली. मागं वळला नाही.

"ए सेकंड, जरा दमानं. माझा सूर झाकून राहिलास."

मी थांबलो. पुढच्या फेरीत तो सूर पुन्हा आला. मास्तराचे डोळे उघडे होते. करंगळीजवळचं बोट उठलं आणि जागच्या जागी बसलं. सूर एकटाच निघाला, स्वच्छ, माझ्याशिवाय. घोड्यापुढं नाचणारी माणसं क्षणभर थबकली.

माझं ते नेहमीचं जळणं पुन्हा पेटलं. आता डॉक्टरीणबाईनं सांगायची गरज नव्हती, मास्तर बरा झाला होता. मी दोन पावलं मागं राहिलो, पत्ती ओली केली आणि माझा खालचा सूर धरून चालायला लागलो.